रुईच्या पाल्याचं पनीर

सुजीत,

श्रावस्तीला घेऊन खालच्या मजल्यावर फोलाकेकडे जाते आहे. काल तू सिंकमध्ये ओतलंस ते पनीर आम्ही पुन्हा करणार. त्यांच्या नायजेरियात दुधात लिंबू पिळत नाहीत, रुईच्या पाल्याचं पाणी गाळून घालतात आणि उकळेपर्यंत ढवळत नाहीत. नऊ वर्षांच्या पोरीचं फोलाकेच्या हाताखाली तीनदा बिघडलं, चौथ्यांदा जमलं होतं.

रुई विषारी म्हणून ओतलं असतंस, तर शेजारी बसवून समजावलं असतं. शिकवायचा मला कधी कंटाळा आला नाही. पण तू पोरीसमोर म्हणालास, "त्या बाईच्या हातचं माझ्या घरात नको." तुझ्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे दर चौदा एप्रिलला बहरीनच्या हॉलमध्ये माइकवर कोण सांगतं? टाळ्यासुद्धा घेतोस. लाज वाटली मला.

श्रावस्ती रात्रभर एकच विचारत होती, "आजी, बट आंटीज हँड्स आर क्लीन, मग पप्पा असं का म्हणाले?" "पप्पांनाच विचार," म्हटलं मी.

सित्र्याहून, कामावरून आलास की भात लाव, चौघांचा. फोलाके जेवायला येते आहे. वाढायचं तू, आणि पोरीला उत्तरही तूच द्यायचंस, तिच्यासमोर, माइकशिवाय.

आई