पोर्टलच्या लेखी सरपंच

चि. अश्वजित यास,

ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. तुझी तब्येत बरी आहे असे धरून चालते. बरी नसती तर तुझ्या काजलचा फोन आला असता. इथे ऊन फार आहे आणि सर्व ठीक आहे. (पाणी सोडून. त्याबद्दलच लिहिते आहे.)

मी सरपंच म्हणून निवडून आले हे गावाला माहीत आहे. सरकारी पोर्टलला माहीत नाही. ही तुझ्या कम्प्युटरच्या धंद्यातल्या लोकांची करणी, म्हणून तक्रार तुझ्याकडेच. हे पोर्टल नाव विचारत नाही, तोंड बघत नाही. कम्प्युटरला डोंगल लावायचे (पेनड्राइव्हसारखे असते), त्यात ज्याचे डिजिटल प्रमाणपत्र, तोच समोर बसला आहे असे ते समजते. आमच्याकडे जुने सरपंच रूपरावजी यांचे डोंगल त्यांच्या सबंध कारकिर्दीत कम्प्युटरलाच लावलेले असे, कार्यालयाची किल्ली खिळ्याला असावी तसे. त्याचा पिन आमची ऑपरेटर मोनाली हिला पाठ. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर बसले, तिने पोर्टल उघडले, आणि पडद्यावर आले, 'स्वागत आहे, रूपरावजी.' त्यांनाच हरवून मी तिथे बसले होते.

मी ते डोंगल उपटून त्यांच्या घरी पोचते केले आणि माझे मागवले. पोर्टलने मलाही ओळखले, नाव बरोबर दाखवले, आणि खाली लिहिले की या व्यक्तीकडे कोणतेही पद नाही. पद जोडण्याचा अर्ज वरच्या कार्यालयात पडून आहे. तिथल्या बाबूपुढे मी निवडून आल्याचे प्रमाणपत्र ठेवले. तो म्हणाला, "मॅडम, हे तं कागदाचं आहे."

तेवढ्यात विहिरीवरचा पंप जळला. नव्या पंपाची मंजुरी पोर्टलवर सरपंचाच्याच प्रमाणपत्राने होते. मोनाली म्हणाली, "मॅडम, रूपरावजीचं डोंगल अजून चालते. आणू का?" मी नाही म्हणाले. दुसऱ्याच्या नावाने सही करायला मला कॉलेजात कोणी शिकवले नाही. लोक रूपरावजींकडे गेले, तर तेही तसलेच. "मी हरलेला माणूस. मी काऊन बटण दाबू?" अशा रीतीने दोन प्रामाणिक माणसांनी मिळून अख्खी वस्ती तहानलेली ठेवली. बायका भर उन्हात शेतातल्या विहिरींवरून हंडे आणत होत्या. आनंदाबाईचा (वस्तीतली सर्वांत म्हातारी) हंड्यासकट तोल गेला आणि घोटा सुजला. ती तशीच लंगडत कार्यालयात आली, रूपरावजींनाही बोलावून घेतले आणि म्हणाली, "आयक बाई. तू सरपंच, तं मशीन तुले मानत नाई. याले मशीन मानते, तं हा सरपंच नाई. तुमी दोघं मिळून एक माणूस व्हा न."

प्रमाणपत्र आणि माणूस यांतला फरक मी तिला सविस्तर समजावला. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "मंग पाणी कवा येते?"

असो. तत्त्व ते तत्त्व. उन्हात फिरू नकोस.

तुझी ताई,
सुलोचना

ता. क. पत्र टाकायचे राहून गेले, तोवर नवा पंप सुरू झाला. डोंगल रूपरावजींनी लावले, पिन त्यांनीच टाकला आणि म्हणाले, "दाबा बाई. नाव माहं, बोट तुमचं." मी दाबले. ग्रामसभेत तसे स्पष्ट सांगितलेही.

ता. क. (दुसरे, आणखी काही दिवसांनी) आता रूपरावजी रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, डोंगल खिशात टाकून येतात आणि माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. प्रत्येक अंदाजपत्रकावर वाद घालतात, आणि पुष्कळदा त्यांचेच बरोबर असते. हरल्यापासून माणूस घराबाहेर पडत नव्हता, जेवत नव्हता, असे त्यांची बायको सांगते. काल वरच्या कार्यालयाचा फोन आला: याच आठवड्यात माझे पद जोडले जाईल. एका माणसाला दुसऱ्यांदा हरवणे माझ्याने होणार नाही. म्हणून तू ये. इंजिनिअर आहेस, डोंगल हातात घेऊन नीट बघ आणि याचे काम आता संपले असे तूच त्यांना सांग. खुर्ची मात्र तिथेच राहू द्या, हेही तूच सांग. मी सांगितले तर त्यांना ती दया वाटेल.