पुढच्या यानाची पाळी

पुढचे यान, धूळपट्ट्याच्या तोंडाशी
ता. ३ जून

ती. आई-बाबांस,
चो. सा. न. वि. वि. (करकोच्याला शिरसाष्टांग कुठून जमणार? चोच टेकवली आहे, गोड मानून घ्यावी.)

आमची चार यानं काल धूळपट्ट्यात शिरली. पलीकडच्या चंद्रावरच्या वस्तीचं शेवाळ रोगाने मेलं आहे आणि शेवाळाशिवाय तिथे श्वासाला हवा नाही. साठवलेली हवा महिनाअखेरपर्यंत पुरेल. आमच्या प्रत्येक यानात ओल्या पेट्यांतून जिवंत शेवाळ आहे. सकाळी झाकणं उघडून पाणी शिंपडलं की त्याचा वास येतो आणि कामाला हुरूप चढतो.

रांगेत सगळ्यांत पुढे मी! वाट काढण्याचं शास्त्र चौघांत मी एकटीच शिकले आहे ना. माझ्यामागे झुपकी खार, मग यंत्रं सांभाळणारे कासवकाका, शेवटी कप्तान. कप्तान जातीने कुत्रा. त्याचा नियम असा, की ज्याला वाट कळते त्याने पुढे राहायचं, ते शेवटपर्यंत. पुढच्या यानाची ढाल धुळीचा मारा खाते, मागच्यांना मोकळी वाट मिळते. आपल्या घरातली पहिली पदवीधर त्या जागी बसली आहे, हे मी स्वतःलाच अधूनमधून सांगत असते.

धाकटीसाठी चित्र सोबत आहे. पुढचं यान माझं, ढाल ताटासारखी गोल.

लोभ असावा, जास्तीचा असेल तर डाकयानाने पाठवावा.

तुमची थोरली


घर
ता. १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं चित्र आपल्या शिडं शिवायच्या कारखान्याच्या दारावर डकवलं आहे. फाटकी शिडं घेऊन येणारा प्रत्येक जण आधी ते बघतो. मी बरोबर चोच ठेवून सांगते, की हे पुढचं ते आमच्या ताईचं. शेजारच्या बगळेमावशी तर म्हणाल्या, की पोरीने घराण्याचं नाव काढलं. याच मावशी तू शिकायला निघालीस तेव्हा नाक मुरडत होत्या, हे मी विसरले नाही.

दुसरं चित्र आज आलं. त्यात तुझी ढाल कडेने अळीने खाल्लेल्या पानासारखी का आहे? आई दोऱ्याला मेण लावत होती. बराच वेळ चित्राकडे बघून तिने विचारलं, की मागच्या तिघांच्या ढाली एवढ्या कोऱ्या कशा? बाबा म्हणाले, शिकलेल्यांची रीत वेगळी असेल. त्यावर आई म्हणाली, की वारा काही शिक्षण विचारून लागत नाही. आपल्या थव्यात पुढचा दमला की सरकून शेवटी येतो, दुसरा पुढे होतो, कुणी त्याची दवंडी पिटत नाही.

मी आईला ठणकावलं, की ताई दमलेली नाही. नाहीस ना? असलीस तर मला आधी कळव. मी एवढ्या लोकांना सांगून बसले आहे!

तुझी, म्हणजे तुझीच,
धाकटी


पुढचे यान
ता. १७ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि डोक्यावर एक हलकी टोच.

आपली रीत मी विसरले नव्हते गं. लाज वाटत होती. मागे गेले तर शिकलेलं पाखरू दमलं असं म्हणतील, या धास्तीने पुढेच राहिले. आता ढाल इतकी पातळ झाली आहे की तिच्यातून उजेड दिसतो. ती फुटली तर मी जाईन, आणि वाट माझ्या एकटीच्या डोक्यात असल्याने सगळ्यांची वाट लागेल.

बिनतारीवर कप्तानाशी बोलले. तो गुरगुरला, की आमच्यात मागे सरणाऱ्याला शेपूट घालणारा म्हणतात. मी म्हटलं, घालण्याएवढं शेपूट मला आहे कुठे? कासवकाका मध्येच म्हणाले, की मला पाठवा पुढे, माझी जात ढाल घेऊनच जन्माला येते. झुपकीने तर पुढे यायला आधीच यंत्राचा वेग वाढवला होता. मग कप्तानाने विचारलं, की वाट कोण दाखवणार?

इतके दिवस मी त्यांना नुसते आकडे वाचून दाखवत होते. काल ते बाजूला ठेवले आणि तुझ्यासाठी काढते तशी चित्रं काढली. तांबडा तारा डाव्या डोळ्यासमोर येईपर्यंत सरळ. जुळे खडक दिसले की त्यांच्या वरून. पडद्यावर पाठवली आणि तिघांनाही ती वाचता आली! एक प्रत सोबत ठेवते.

मग कप्तानानेही मान्य केलं; उद्या मी मागे जाणार. दारावरच्या चित्राबद्दल क्षमा कर.

तुझी ताई


घर
ता. २३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं, पण बातमी आधीच थडकली होती. डाकघराच्या फळ्यावर यानांचा क्रम लागतो. त्यात तू शेवटी! बगळेमावशी पडेल चेहऱ्याने समाचाराला आल्या. मी दारावरचं चित्र काढून शिडांच्या ढिगाखाली लपवलं आणि थोडी रडले. थोडीच.

आईने ते शोधून परत डकवलं. मावशींना ती म्हणाली, की पोर पुढे होती तेव्हा मला झोप नव्हती, आज लागेल. मावशींना काही कळलं नाही. मलाही तुझं पत्र वाचल्यावर कळलं. बाबा तुझी वाटेची चित्रं बघून म्हणतात, की एवढ्यावर तर मीसुद्धा जाऊन येईन. त्यांना बाजाराची वाट सापडत नाही, हे आईने त्यांना सांगितलं.

पोचलात की लगेच लिही. शेवाळ जिवंत आहे ना?

तुझी धाकटी


चंद्रावरची वस्ती
ता. २८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आई-बाबांच्या पायांवर चोच.

पोचलो! शेवाळ टाक्यांत सोडलं आणि ते हिरवंगार पसरतं आहे. सर्वांत पुढे कासवकाका होते. वस्तीतले सगळे त्यांच्या गळ्यात पडले, तसे ते लाजून कवचात गेले ते किती तरी वेळ बाहेर येईनात. कप्तानाची पाळी झाली तेव्हा त्याला कुणीच काही सांगितलं नाही. तो आपणहून सरकत रांगेच्या शेवटी गेला आणि बिनतारीवर कुरकुरला, की इथे मागे बरं आहे.

शेवटचं चित्र सोबत आहे. भिंतीला टेकवलेल्या चार ढाली, चारही कडेने कुरतडलेल्या. माझी जराशी पातळ आहे, पण ते समोरून दिसत नाही. हे दारावर डकव. लोकांनी ताईची कोणती म्हणून विचारलं, तर चोच कुठे ठेवायची ते आता तुझं तू ठरव.

लोभ आहेच; तोही पाळीपाळीने पुढे न्यावा.

तुझी ताई
(परतीच्या रांगेत, तूर्तास तिसरी)