मायचा नळ तोडला

भिलाई, १४ मे १९६१, संध्याकाळ

डोकं तापून राहिलं. अकोटहून मायच्या शेजारचे किसनकाका आले. म्हणाले, "तुया मायचा नळ तोडला रे नगरपालिकेनं. उघडा ठेवते, पानी वाया घालवते म्हने!"

वाया कुठं? पाणीपट्टी वर्षाची आगाऊ घेतात, अन् पाणी कधी सोडतील ते सांगत नाहीत. म्हणून माय तोटी उघडी ठेवून खाली परात ठेवते. परात वाजली की उठते. पहिली धारही परातीतच राहते. नळ तोडणाऱ्या माणसाले परात दिसली नाही काय?

काका हसले, "आमच्याइथून भरते आता."

हसाले काय झालं? तिनं कधी कोणाच्या दारी घागर नेली नव्हती.

सुटी मागितली तर मुकादम म्हणतो, "नळासाठी कोणी सुटी घेते काय?"

मी घेतो. कामावरून काढलं तरी घेतो.