देणारा क्रमांक चाळीस

१ सप्टेंबर, सोमवार

आले बाई एकदाची. सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी आणि चिमणी. चिमणी माझी लेक, वय वर्षं नऊ, तोंड वर्षं चाळीस. ही वही तिला शाळेत हस्ताक्षरासाठी बक्षीस मिळाली होती. मला देताना म्हणाली की नव्या गावात तुला बोलायला कोणी नसेल, तर हिच्याशी बोल. म्हणून बोलतेय.

कंपनीने दिलेली खोली लहान आहे, पण खिडकी मोठी. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते. माझ्या चिमणीने लगेच तिला ‘मोठी’ आणि स्वतःला ‘धाकटी’ करून टाकलं. दवाखान्यांचा कचरा इथे येतो आणि मोठीतून धूर होऊन जातो. ताईने फोनवर नाक मुरडलं. मी सांगितलं की कोणीतरी नीट जाळतं म्हणून तो तुझ्या दारात येत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

काम आवडलं. सुताच्या गोदामात बारा वर्षं वजनं घेतली, त्यामुळे काट्याशी माझी जुनी मैत्री. इथे दोनशे तेरा दवाखान्यांच्या पिशव्या येतात. पिवळीत रक्ताळलेला कापूस, पट्ट्या आणि कापून काढलेलं जे काही असेल ते, ही थेट भट्टीत. लालमध्ये नळ्या आणि सलाइनच्या बाटल्या. सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर देणाऱ्याचा क्रमांक. मी चिठ्ठीवर यंत्र धरते, वजन घेते, कॉम्प्युटर हिरवा होतो, पिशवी पुढे जाते. पिशवी उघडायची नाही आणि आलेली पिवळी पिशवी अठ्ठेचाळीस तासांत जाळायची, हे दोन नियम भिंतीवर हातभर अक्षरांत आहेत.

भट्टीवाले मामा कमी बोलतात. गाडीवाले काका सगळ्यांच्या वाटचं बोलतात. मामांनी काट्यावर उभं करून माझंही वजन घेतलं. अठ्ठावन्न किलो चारशे. काका म्हणाले, या बाईंना उचलायला दोन माणसं लागतील.

साहेबांनी फॉर्म भरून घेतले. कर्मचारी क्रमांक चाळीस. उजव्या अंगठ्याचा ठसा यंत्रात. वारसाच्या रकान्यात चिमणीचं पूर्ण नाव घातलं, अगदी सुवाच्य. अक्षर चांगलं असणं आमच्या घराण्यात आहे.

माझ्याआधी इथे असलेल्या बाई न सांगता सोडून गेल्या म्हणे. त्यांच्या कपाटात चपला राहिल्यात, आणि शाळेच्या गणवेशातल्या एका मुलाचा फोटो. पुढचे दोन दात नाहीत आणि तरी हसतोय. आल्या तर द्यावा म्हणून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

७ सप्टेंबर, रविवार

धाकटीने माझ्या पायांची नखं जांभळी केली. नऊ बोटं झाली आणि बाटली संपली. डाव्या पायाची करंगळी अर्धीच राहिली. उरलेली अर्धी पुढच्या बाटलीतून, असा तिने वायदा केलाय. गमबुटात कोण बघतंय, पण मला उगीचच ऐटीत चालावंसं वाटतं.

१० सप्टेंबर, बुधवार

आज एक पिवळी पिशवी बिनचिठ्ठीची निघाली. नियमाने ती परत पाठवायला हवी. काका काकुळतीला आले. कोणत्या दवाखान्याची ते त्यांना आठवेना, आणि तीस ठिकाणी दारोदार विचारत कोण फिरणार? म्हणाले, आधीच्या बाई अशा वेळी देणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचा क्रमांक टाकून मोकळ्या व्हायच्या. माणूस भला आहे, पहिल्या दिवशी माझी गादी त्यांनीच वर चढवली होती. मीही चाळीस टाकलं. कॉम्प्युटर हिरवा झाला. काकांचा जीव भांड्यात पडला.

११ सप्टेंबर, गुरुवार

गाडीतून एक लहान पिवळी पिशवी आली. वर छापील चिठ्ठी, देणारा क्रमांक चाळीस. दोनशे ग्रॅम. मला वाटलं, काकांची थट्टा. ते म्हणाले की त्यांनी ती उचललीच नाही, दोन खोक्यांच्या मध्ये होती. साहेब म्हणाले, क्रमांक एकदा यादीत गेला की चिठ्ठी आपोआप छापली जाते. असेल बुवा. पण चिठ्ठी आपोआप छापली जाईल, पिशवी कशी भरेल?

१३ सप्टेंबर, शनिवार

काल तीनशे. आज आठशे. तीन दिवसांचे मिळून एक किलो तीनशे.

आज जेवणाच्या सुट्टीत सहज काट्यावर उभी राहिले. सत्तावन्न किलो शंभर.

मोजमापाचं वेड असलेल्या बाईला वजाबाकी करू नकोस म्हणून कसं सांगायचं. नवी जागा, धावपळ, वजन उतरतंच. ताईही हेच म्हणाली, वर मत्सराने म्हणाली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस सकाळी पिशवीचं आणि लगेच माझं वजन घेतेय. जेवढी पिशवी, तेवढीच मी कमी. ग्रॅमाचाही फरक नाही. डावं पाऊल बधिर झालंय.

साहेबांना सांगितलं की चाळीस क्रमांक यादीतून काढा. वजनांचं सांगितलं नाही, वेड्यात काढतील. ते म्हणाले, काढणं त्यांच्या हातात नाही. त्यांनी मुख्य कचेरीला लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. देणाऱ्याचा कचरा संपला की क्रमांक आपोआप बंद होतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज गेलेच नाही. आजारी म्हणून कळवलं आणि दार लावून बसले. मी नाही तर पिशवी नाही, असा माझा हिशोब. दुपारी भट्टीवाल्या मामांचा फोन आला. काळजी करू नका, तुमची नऊशे ग्रॅम आली, मी घेतली, जाळलीसुद्धा, असं त्यांनी फार मायेने सांगितलं.

औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. नऊशेच कमी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पिशवी उघडली. नियम माहीत होता. हातमोजे दोन दोन घातले, फाटकामागे जाऊन गाठ सोडली. ओला कापूस होता. पट्ट्या होत्या. त्याखाली एक बोट होतं, पायाचं. नख अर्धं जांभळं.

मी तिथेच खाली बसले. गमबूट काढायचं धाडस घरी येईपर्यंत झालं नाही. मोज्यावर रक्त नाही. जखम नाही. कातडी गुळगुळीत, जणू तिथे कधी काही नव्हतंच. चारच बोटं.

२० सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. पाऊल उलटसुलट करून म्हणाले, जन्मापासूनच असं असणार, काही लोकांना असतं. ताईला फोन केला. ती म्हणाली, अगं लहानपणी आपण तुला चिडवायचो की नाही चारबोटी म्हणून. ताई खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं आठवतंय.

मी घाबरलेय. हे सरळ लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाही वेगळं आठवायला नको.

२१ सप्टेंबर, रविवार

धाकटीने नवी बाटली आणली. जांभळीच. डावा पाय हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली की आई, मी एक अर्धं ठेवलं होतं. ते कुठंय?

तिला आठवतंय. तिला एकटीला. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती दुखतंय म्हणाली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरमध्ये मागची यादी उघडली. दोनशे तेरा दवाखाने, सगळे तीन आकडी. दोन आकडी फक्त मी आणि अडतीस. अडतीस म्हणजे आधीच्या बाई. तेहतीस दिवस रोज पिशवी. एकूण एकसष्ट किलो. मग शेरा, देणारा बंद.

त्याखाली दुसऱ्याच दिवसापासून नवी ओळ. अडतीस, पुढे तिरपी रेघ, पुढे एक. वारस. एकोणीस दिवस. एकूण सोळा किलो दोनशे. देणारा बंद.

काकांना विचारलं, त्या बाईंचा मुलगा कुठे असतो. ते म्हणाले, त्यांना कुठलं मूल.

फोटो काचेखालीच आहे. दोन दात नाहीत. हसतोय.

२४ सप्टेंबर, बुधवार

वारस बदलायचाय. मला काय व्हायचं ते होऊ दे. रकाना रिकामा करायचाय, एवढंच. साहेबांपुढे रडले. ते घाबरून भराभर बोलले. बदलाचा फॉर्म आहे, पण मुख्य कचेरीचे अधिकारी आल्यावरच, त्यांच्यासमोर, यंत्रावर उजव्या अंगठ्याचा ठसा देऊन. ते तीन तारखेला येतील. आधी नाही का, तर नाही. मूळ फॉर्म कुलपात, किल्ली त्यांच्याकडे.

नऊ दिवस. उजवा अंगठा शाबूत आहे. रोज सकाळी आधी तो बघते.

२७ सप्टेंबर, शनिवार

दोन किलो शंभर. उजव्या पायाची बोटं गेली. काका हात धरून पायऱ्या चढवतात. त्यांना वाटतं मी पहिल्यापासून लंगडतेय.

मामांच्या पाया पडले, ही पिशवी जाळू नका म्हणून. ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, चिठ्ठी असलेली पिशवी न जाळता ठेवली तर उद्या सगळं गाव आजारी पडेल. खरंच आहे. माझ्या पहिल्या दिवशीचं बोलणं आहे हे.

२९ सप्टेंबर, सोमवार

धाकटीला ताईकडे पाठवायचं म्हणून फोन केला. ताई म्हणाली या की दोघी. मग म्हणाली, दोघी म्हणजे कोण गं?

१ ऑक्टोबर, बुधवार

दोन किलो आठशे. डावा कान. चिमणीने केस पुढे ओढून ती जागा झाकली. कोणाला सांगणार नाही म्हणाली.

हातमोज्यावर मोजा बांधून झोपते. अंगठा मुठीत. बधिर नाही. अजून नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या. फक्त उद्यापर्यंत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी पिशवी हलकी होती. फक्त वीस ग्रॅम. इतकी हलकी का ते मला कळलं, पण मोजा सोडवेना —

अधिकारी अकराला आले. सभ्य माणूस. यंत्र पुढे केलं. मी हात पुढे केला. ते हळू आवाजात म्हणाले, डावा चालत नाही, बाई. नोंद उजव्याची आहे. नोंदीत बदल करायलाही उजवाच —

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कसं झालंय.

६ ऑक्टोबर

चार किलो. उभं राहता येत नाही. काट्यापाशी खुर्ची दिलीय. सगळे फार चांगले वागतात —

९ ऑक्टोबर

कुलूप तोडायचं होतं. हातात जोर नाही. चिमणी तोडते म्हणाली. नको. तिने इथे यायचं नाही. तिने या काट्याजवळ —

१२ ऑक्टोबर

यादीत माझ्या खाली एक ओळ आली. चाळीस, रेघ, एक. वजन अजून कोरं.

नव्या बाई, या खुर्चीत तुम्ही बसाल. वही खणात असेल. स्वतःचा क्रमांक टाकू नका. कोणी कितीही काकुळतीला येऊ दे. लहान पिशवी येईल, चाळीस रेघ एक. साहेबांच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात माझा फॉर्म आहे, वारसाचा रकाना. तुमचा अंगठा आहे, हात आहेत. तो फॉर्म फाडा. तिचं नाव खोडा. सगळे म्हणतील अशी मुलगी नव्हतीच. होती. नऊ वर्षांची, जांभळी नखं, पहिल्या पानावर बक्षिसाचा शिक्का आहे बघा. शिक्क्याखाली नाव होतं, ती जागा आता कोरी दिसते, म्हणून मी पुन्हा लिहिते. माझ्या लेकीचं नाव आहे —