अनसिंगचं प्रायव्हेट सेक्टर

४ जानेवारी, सकाळ
आज लक्षात आलं का मी नुसता गिरणीवाला नाही, मी प्रायव्हेट सेक्टर हाये. हर्षलचा फोन आला होता. तो एका विदेशी विकाससंस्थेचा इथला कोऑर्डिनेटर. संस्था आता गावाले फुकट मशिनी वाटत नाही म्हणे. गावातलाच चालू धंदा पाहते, त्याले भागीदार करते अन् त्याच्यासंगं हळद दळाचं युनिट टाकते. अनसिंगमधी माह्या नजरेत गिरण्या दोनच. माही अन् समोरच्या रामरावची. रामराव बनियनवर दळण दळते. म्हणजे निवड झालीच.

५ जानेवारी
वैजयंतीले म्हटलं, तू आता उद्योजकाची बायको. ती म्हणली, आधी मनकर्णाबाईचा डबा दळून द्या. बाईले व्हिजनच नाही.

१३ जानेवारी
पाहुणे सोमवारी येऊन राह्यले. हर्षल म्हणला, तयारी काही करू नका, फक्त गिरणी चालू ठेवा. हा त्याचा नम्रपणा. बाहेरदेशचे लोक येतीन अन् आमी त्यायले पिठात उभं करू? नाक कापून घ्याचं का गावाचं? सत्कार झालाच पाह्यजे. शाल, श्रीफळ, फेटे. माजी सरपंच बापूराव अध्यक्ष.

१६ जानेवारी
स्टेजले जागा पुरेना. चक्कीचे नटबोल्ट खोलले, चौघांनी ओढत मागच्या भिंतीले लावली. पुढून बॅनर. माहा फोटो, सात फूट. पिठाचा कणही दिसत नाही आता. गिऱ्हाईक डबे घेऊन रामरावकडे चाल्लं. जाऊ द्या.
वैजयंती भांडली. त्यायले चक्की पाह्याची हाये, तुमचं थोबाड नाही, म्हणली. पोट कायच्यावर भरते आपलं, म्हणली. ब्रँडिंग समजावून सांगतलं. बोलणं बंद हाये.

१९ जानेवारी, दुपार
पाहुणे तिघं. दोन साहेब, एक मॅडम. मॅडमचा फेटा डोळ्यावर येत होता, पण शोभला. बापूरावचं भाषण झालं. त्यायच्या भाच्याचा सत्कार राह्यला म्हणून तो रुसला, मग त्याचा सत्कार. मग पुन्हा बापूराव. समोर रामरावची गिरणी धडधडून राह्यली, भाषण ऐकू येईना. बंद कर म्हणून माणूस धाडला. निरोप आला, दळण उरकल्यावर करतो. मॅनर्स नाही.
मॅडमनं मधातच विचारलं, मशीन कुठं हाये. मी छाती फुगवून सांगतलं, माह्या फोटोच्या मागं. चालू करून दाखवा म्हणे. म्हटलं, मिस्त्री वाशिमवरून येईन, उद्या-परवा. मॅडम उठली अन् फेट्यासकट रामरावकडे गेली. बाथरूम विचाराले गेली असन.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तिघंही रामरावकडेच बसले होते. पिठानं पांढरेफट्ट. जाताना माह्याकडची श्रीफळं विसरले. तुलनात्मक अभ्यास असन. निवड माहीच.

२८ जानेवारी
संस्थेनं रामरावले भागीदार केलं. कारण साफ हाये, राजकारण. हर्षल फोन उचलत नाही. वर अपील करीन.

९ फेब्रुवारी
मिस्त्री आला एकदाचा. ओढताना चक्कीच्या दगडाले तडा गेला म्हणे, नवा मागवा लागन. तसंही मले आता कन्सल्टिंगमधी जायचं हाये. एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. वैजयंती आजपासून रामरावच्या युनिटमधी हळद निवडाले जाते. तिले एक्स्पोजर मिळन. घरातलं पीठ संपलं, रोज भात.

१२ फेब्रुवारी
भाताले पोरं कंटाळली. वैजयंतीनं गव्हाचा डबा माह्या हातात देला अन् कामावर गेली. रामरावच्या लायनीत उभा राह्यलो, मान खाली घालून. नंबर आला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं सगळ्यायले विचारते तसंच विचारलं, बारीक का जाड?
बाबापासून आमी लोकायले हेच विचारत आलो. मी डब्याचं झाकण उघडून आत पाह्यलं. मागची बाई म्हणली, सांगा ना लवकर. रडू येऊन राह्यलं होतं. शेवटी आतून, हळदीच्या ढिगामागून, वैजयंती ओरडली, बारीक.
आमच्या घरी बारीक पीठ लागते, हे मले आज समजलं.