नानांचं अधांतरी विमान

ती. ताईंना,

तुमच्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. गेले चार दिवस मी खरोखरच हातात टॉर्च धरून कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पालथी आहे.) तुमची मान आता कशी आहे? विणकाम जरा कमी करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, ऐकताय का त्यांचं? आम्ही सगळे बरे आहोत. नाना ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव वरखाली व्हायला नको. तुम्ही कॉम्प्युटरच्या डब्यासाठी विणून पाठवलेलं लोकरीचं कव्हर मिळालं. हिरव्यावर पिवळी फुलं फारच सुरेख उठली आहेत. नानांनी ते त्याच दिवशी डब्याला गळ्यापर्यंत चढवलं आणि आल्यागेल्याला दाखवलं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण नानांची खुर्ची फोनच्या शेजारी आहे आणि त्यांचे कान त्यांना हवं तेव्हा फार चांगले चालतात. म्हणून पत्र.

तुम्हाला माहीतच आहे, आई गेल्यावर नानांनी बोलणंच टाकलं होतं. हो किंवा नाही, आणि ताट पुढे आलं की 'बास'. तुमचे बंधुराज आणि मी नुसते एकमेकांकडे बघत बसायचो. मग ऑफिसात मोडीत निघालेला हा कॉम्प्युटर बंधुराजांनी घरी आणला, त्यात विमान चालवायचा तो खेळ घातला, आणि नाना पुन्हा माणसात आले. बस चालवण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांना स्टिअरिंग मिळालं! रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतात, वाऱ्याला नावं ठेवतात, पुढच्या विमानवाल्याला 'अरे बाजूला घे' म्हणतात. विमानाला हॉर्न नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं. आणि कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय त्यांची गाडी हलत नाही, त्यामुळे चहाच्या कपावर चमच्याने टोले द्यायचं काम माझ्याकडे आहे. दोन टोले म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. (माझा बी.ए.चा अभ्यास कशाच्या उपयोगी पडला म्हणून कोणी विचारलं तर हे सांगत जा.)

तर मागच्या आठवड्यात मी दोन टोले दिले, विमान उडालं, ढगांवर गेलं, आणि पडद्यावर आधी गुलाबी पट्टे आले, मग बुद्धिबळासारखे चौकोन, आणि मग मिट्ट काळोख. पण ताई, आवाज चालूच! इंजिनाची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे विमान उडत होतं आणि समोरचं काही दिसत नव्हतं. मी किंचाळले. नाना मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी न बघता एक बटण दाबलं, घरघर थांबली, आणि ते म्हणाले, ''आहे तिथे उभं केलंय. आता कुणी हात लावू नका.'' हवेत उभं केलं, ताई. वळणावर बस उभी करावी तसं.

तुमचे बंधुराज ऑफिसातून आले आणि त्यांनी बूट न काढता निदान सुरू केलं. वायर काढून घातली. पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढंच. शेजाऱ्यांचा पडदा मागून आणला, त्यावरही तेच. म्हणजे पडदा बिचारा निर्दोष. डब्याच्या पाठीमागे खालच्या बाजूला तसंच आणखी एक भोक होतं, त्यातही वायर खुपसून झाली, तिथेही शांतता. शेवटी 'ग्राफिक्स कार्ड गेलं' असं जाहीर झालं. (पडद्यावर दिसणारी चित्रं काढून देणारी ती एक पाटी असते, तिला स्वतःचा पंखा असतो. हे मला आता झोपेतही सांगता येईल.) ते बघायचं तर कॉम्प्युटर बंद करायला हवा. आणि बंद केला तर विमान? नाना म्हणाले, बंद करायचा नाही. बंधुराज म्हणाले, नाना, अहो खेळ आहे तो. आता नानांचा आवाज किती दिवसांनी असा चढलेला ऐकला म्हणून सांगू! ''खेळ आहे हे मला कळतं. वेडा नाही झालो अजून. पण प्रवासी अर्ध्या वाटेत टाकून मी आजवर घरी जेवायला आलेलो नाही.'' आणि खरंच जेवायला आले नाहीत, दोन घास खायचे ते खुर्चीतच. त्याच खुर्चीत, त्याच शर्टात, काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. फिरायला जाणं बंद, पेपर बंद, बोलणं पुन्हा हो-नाहीवर आलं. मला खरी भीती वाटली ती त्याची. कार्ड गेलं तर गेलं, पण नाना पुन्हा गप्प झाले तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. प्रवास आहे तिथे जपून ठेवायची बटणं त्यांना गिअरसारखी हाताला पाठ होती. ती त्यांनी डोळे मिटून दाबली. (उघडे ठेवूनही दिसणार काहीच नव्हतं.) डब्यातून एक बारीक 'टिंग' आलं. ते जपल्याचं होतं की नाही म्हटल्याचं होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं. मग नानांनी मान हलवली आणि आम्ही बटण बंद केलं.

इथून पुढे दाढीवाला सुरू होतो. दाढीवाला म्हणजे व्हिडिओत कॉम्प्युटर दुरुस्त करून दाखवणारा एक इसम, तुमच्या बंधुराजांचा सध्याचा गुरू. दाढीवाला म्हणाला, कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासा. घासले. दाढीवाला म्हणाला, फुंकून धूळ काढा. काढली. (पंख्यातून काय निघालं त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.) कार्ड बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं, आणि प्रत्येक वेळी मी टेबलाखाली टॉर्च धरून. 'इकडे नाही, तिकडे धर' हे वाक्य लग्नानंतर एवढ्या वेळा ऐकलं नव्हतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, एवढ्या जुन्या डब्यात बसेल असं कार्ड आता मिळत नाही, डबाच नवा घ्या. नव्यात ते जपलेलं विमान येईल का, असं नानांनी विचारायला सांगितलं होतं. दुकानदार हसला. मग आम्ही फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परत आले तर घरात जळकट वास. ओव्हन चालू. उघडून बघते तर माझ्या केकच्या भांड्यात, खाली कागद घालून, ग्राफिक्स कार्ड! दाढीवाल्याने म्हणे सांगितलं होतं, की सुटलेले टाके गरम केले की पुन्हा चिकटतात. त्याने आधी पंखा काढायलाही सांगितलं होतं, पण तोपर्यंत बंधुराजांनी व्हिडिओ पुढे सरकवला होता. पंख्याची पाती वाळलेल्या पानांसारखी वळली होती. मी काय काय बोलले ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही, तुमचा भाऊ आहे तो. नाना खुर्चीतूनच म्हणाले, ''इंजिन कुणी भट्टीत घालतं का रे?'' तीन दिवसांतलं त्यांचं ते पहिलं लांब वाक्य, म्हणून मी ओव्हन माफ केला.

काल माझं डोकं फिरलं. कार्ड केकच्या भांड्यात पडलंय, डबा उघडा, आणि बंधुराज नव्या व्हिडिओच्या शोधात. मी म्हटलं, त्या खालच्या भोकात एकदा लावून बघा ना. ते म्हणाले, लावलं होतं पहिल्या दिवशी, ते मेलेलं आहे, तुला त्यातलं कळत नाही. मी म्हटलं, नसेल कळत, पण लावा. मला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी अगदी दाखवून दाखवून वायर लावली, बटण दाबलं, आणि पडद्यावर लख्ख उजेड! झालं होतं असं, की डब्याची स्वतःचीही चित्र काढायची थोडी सोय असते, पण कार्ड जागेवर असेपर्यंत ती तोंड उघडत नाही. तुम्ही बोलत असताना तुमचे बंधुराज गप्प बसतात ना, तसंच. मी फक्त टॉर्च त्यांच्या हातात दिला.

आता खेळ. उघडायला एवढा वेळ लागला की माझा चहा उकळून झाला. आणि यादीत ते होतं, ताई! नानांनी आंधळेपणी जपलेलं विमान, ढगांवर, जसंच्या तसं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण या लुळ्या सोयीला सगळं झेपेना, म्हणून बंधुराजांनी आधी झाडं काढली, मग ढग, मग घरं, आणि शेवटी खाली नुसती पाटीसारखी जमीन उरली. विमान धक्के खात पुढे जाऊ लागलं. नाना म्हणाले, ''धुकं आहे. सावकाश घेऊ.'' मी दोन टोले दिले. कपाळावरचा घाम पुसत, थोडं थोडं करत त्यांनी ते खाली आणलं, राखाडी पट्टीवर चाकं टेकली, आणि मी कपावर एक टोला दिला. विमान थांबलं. नानांनी खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, ''वाढ. भूक लागलीय.'' जेवताना त्यांनी बंधुराजांना ओव्हनवरून एवढं छळलं, एवढं छळलं, की मला हसून ठसका लागला. आता सगळं जागेवर आलं आहे. काळजी नसावी. बाकी भेटीअंती.

तुमची भावजय
(आणि नानांची कंडक्टर)

ता. क. पंख्यातून काय निघालं ते आता लिहितेच. हिरव्या लोकरीचा गुंता. थोडी पिवळीही होती. डब्याला वारा घ्यायची जी भोकं असतात ती सगळी तुमच्या सुरेख कव्हराखाली होती, त्यामुळे कार्ड ओव्हनच्या आधीच भाजून निघालं होतं. आम्ही कव्हर काढायला गेलो की नाना हात धरतात, 'पोरीने पाठवलंय' म्हणतात. तेव्हा हात जोडून विनंती, तुम्हीच फोनवर सांगा की ते उशीचं आहे. आणि प्रिंटरचं विणायला घेतलं असेल तर तिथेच थांबा. तुमची मानही सुटेल.

ता. क. २. ओव्हनचं ताईला कळवू नकोस, असं बंधुराज आत्ताच सांगून गेले. बरं म्हटलंय मी.

ता. क. ३. विमान कुठे चाललं होतं ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं. काल उतरल्यावर पडद्यावर गावाचं नाव आलं. तुमचं गाव, ताई. रोज तिथेच जातात म्हणे. बंधुराज गमतीने म्हणाले, मग नाना, ताई आली का घ्यायला? नानांनी थोडा वेळ त्या रिकाम्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, ''गाडीला चार दिवस उशीर झाला. थांबून थांबून गेली असेल घरी.'' खरं तिकीट काढा, ताई. तुम्ही इकडे या, नाहीतर आम्ही त्यांना तिकडे घेऊन येतो. फक्त येताना लोकर आणू नका.