वर्षालीच्या टेबलाकडे वळवलेला पंखा

कासारवाडी,
१९ एप्रिल २०२५

ती. योगिनीताईस,
गणराजचा सा. न. वि. वि.

फोनवर मी भडकतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून तुझ्याच सांगण्यावरून लिहितोय. दाजींना दाखवू नकोस.

चाकणला आमच्या कंपनीत ॲल्युमिनियम वितळवून गाड्यांचे भाग ओततात, तुला ठाऊकच आहे. भट्टीपाशी बुटाचे तळवे चिकटतात. आता शेडमधली हवा सुधारायला जयसिंग नावाचा इंजिनिअर आणलाय. माझ्याच वयाचा, शर्टाची घडीसुद्धा मोडत नाही. धूर कुठे जातो ते बघत दिवसभर उदबत्ती घेऊन फिरतो, आणि मागोमाग वही धरून वर्षाली. तपासणीच्या टेबलावरची, जिच्याबद्दल दिवाळीत सांगितलं होतं तीच. सहा महिन्यांत माझ्याशी बोलली नाही तेवढं त्याच्याशी एका शिफ्टमध्ये बोलते.

काल तर हद्द झाली. तिला वारा लागावा म्हणून भट्टीमागचा मोठा पंखा मी दोन महिने तिच्या टेबलाकडे वळवून ठेवत होतो. त्यापायी दोघांशी भांडलोसुद्धा. जयसिंगने पंख्यापुढे उदबत्ती धरली, तर धूर भट्टीवरून सरळ तिच्या तोंडावर. सगळ्यांदेखत त्याने विचारलं की भट्टीची सगळी धग हिच्या अंगावर सोडणारा हा शहाणा कोण. वर्षाली म्हणाली की डोकं दुखतं म्हणून ती दोनदा चष्म्याचा नंबर तपासून आली. सगळे हसले. ताई, मी त्याला सोडणार नाही.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझा,
गणराज


औसा,
२५ एप्रिल २०२५

चि. गणराज यास,
अ. उ. आ.

पत्र दाजींना दाखवलं नाही, पण मी एकटीच हसतेय हे बघून त्यांनी ओळखलं. प्रेमापोटी एखाद्या मुलीला दोन महिने शेकून काढणारा तू पहिलाच रे.

हसू ओसरल्यावर मात्र काळजी वाटली. जयसिंगने तुझं काय बिघडवलं? डिप्लोमा अर्ध्यात सोडलास तेव्हा मास्तरांना काही येत नाही म्हणून आदळआपट केली होतीस. तोच अभ्यास पुरा करून कुणीतरी समोर उभं राहिलं, हेच तुला जास्त टोचतंय. आणि वर्षालीची माफी मागितलीस का? त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

पाणी पीत जा, भांडू नकोस, आणि आमची आठवण असू दे.

तुझी,
ताई


कासारवाडी,
९ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे वाचलंस की फाडून टाक.

जयसिंगचं म्हणणं, गरम हवा छतातून जायची तर खालून गार हवा आत यायला पाहिजे. म्हणून भिंतीतल्या कित्येक वर्षं बंद असलेल्या झडपा त्याने उघडल्या आणि सगळे पंखे थांबवून मालकांसमोर चाचणी ठेवली. त्या सकाळी गेटपाशी वर्षाली त्याच्या डब्यातलं लोणचं खाताना दिसली. त्याच्या डब्यातलं, ताई. मी शेडच्या मागे गेलो आणि भंगाराच्या पेट्या बाहेरून झडपांना लावून रचल्या. त्याची फजिती व्हावी, एवढंच.

फजिती झाली. धूर जागच्या जागी घुटमळला, मालक हात झटकून निघून गेले. पण दुपारी भट्टीवरचे बाळाजीकाका चक्कर येऊन कोसळले. मला काम शिकवलं ते त्यांनीच. दोन दिवस सलाईनवर होते, आता घरी आहेत. गडबडीत मी पेट्या हलवल्या, कुणालाच पत्ता नाही. सगळे खापर जयसिंगवर फोडतायत. महिनाअखेर त्याला काढणार आणि झडपा पुन्हा बंद करणार.

मला हवं ते झालं, तरी घास उतरत नाही. काय करू?

तुझा,
गणराज


औसा,
१४ मे २०२५

चि. गणराज यास आशीर्वाद.

पत्र फाडलेलं नाही. वर्षालीला कोण आवडावं हे तिचं ती बघेल. पण झडपा बंद झाल्या तर तिच्यासकट सगळेच त्या धगीत राहतील. महिनाअखेरची वाट बघू नकोस. आधी बाळाजींकडे जा, मग साहेबांकडे. नोकरी गेली तर आपलं घर आहे.

तू माझा आहेस, म्हणूनच एवढं कडक लिहिलं.

ताई


कासारवाडी,
२४ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिघीला बाळाजीकाकांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांना वाटत होतं की आपलंच वय झालं, आता भट्टी झेपत नाही. ती भीती तरी गेली. काकूंनी मात्र पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग साहेबांपुढेही कबूल केलं. त्यांनी मला हाकलायचंच ठरवलं होतं. मध्ये पडला तो जयसिंग. म्हणाला, हवा नेमकी कुठे अडते हे याला एका दिवसात कळलं, असा माणूस घालवू नका. त्याने माझी बाजू घेतली याचा जेवढा राग आला तेवढा लोणच्याचाही आला नव्हता. आता पंधरा दिवस घरी, नंतर भट्टी नाही, पॅकिंग.

काल कंपनीत कबुलीचा कागद द्यायला गेलो तेव्हा वर्षाली भेटली. पंख्याची माफी मागितली, पेट्यांचीही. तिने विचारलं, हे सगळं कशासाठी. मी म्हणालो, तुझ्यासाठी. त्यावर ती म्हणाली की तिच्यासाठी काही करायचं होतं तर आधी तिला विचारायचं. दुसरी चाचणी नीट झाली, झडपा उघड्याच राहणार, भर दुपारीही आता टेबलापाशी बसवतं, एवढं सांगून ती आत गेली.

सोमवारी औशाला येतोय. मला दारातून परत पाठवू नकोस. तिचं डोकं दुखायचं थांबलंय, ताई, आणि ते दुसऱ्या कुणामुळे थांबलं हे अजून माझ्याच्याने सोसत नाही.

तुझा,
गणराज